बरिशालची ओळख, तीनशे शब्दांत

आमच्या घरात 'तटस्थ' ही शिवी होती. सोलापुरात माझे बाबा विडी कामगारांच्या संघटनेत होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. आई विड्या वळायची. घरात कागद म्हणजे पत्रकच. माझी गणितं पाठकोऱ्या पत्रकांवर, वह्यांना कव्हरं पत्रकांची, भाकरीच्या टोपल्यात तळाला घातलेलं तेही पत्रक. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो' अशी केली होती आणि शेवटी गाढवाच्या वतीनं मागण्या मांडल्या होत्या. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. मला मात्र मागण्या अजूनही रास्त वाटतात.

पत्रक छापखान्यात जाण्याआधी बाबा ते आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. ती ऐकत ऐकत वळत राहायची. ज्या वाक्याला तिचे हात थांबले, त्या वाक्यापुढे बाबा पेन्सिलीनं फुली मारत. हात का थांबले ते विचारायचं नाही. ते वाक्य पुन्हा लिहायचं, एवढंच. मला लिहिण्याची दुसरी पद्धत आजही येत नाही.

ॲन आर्बरला मी सार्वजनिक आरोग्य शिकायला आले. एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते, खाली आपा राहते. आपा बांगलादेशातली, बरिशाल विभागातली. मातीवर संशोधन करते. माझ्याहून मोठी, म्हणून आपा. तिचा नवरा नोकरीला शिकागोच्या बाजूला, नेपरव्हिलला, शनिवार-रविवारी येतो. गेल्या वसंतात तिला मुलगी झाली आणि तिची आई बाळंतपणाला आली. मी त्यांना पहिल्या दिवशी मावशी म्हणाले. आपा म्हणाली, आमच्याकडे खाला म्हणतात. मग खाला. त्या मला 'मा' म्हणायच्या. तिकडे लेकीबाळींना लाडानं अशीच हाक मारतात.

खालांनी बॅगेत घालून विळी आणली होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ती बाहेर काढून विचारलं, हे काय आहे? तर खाला तिथेच फरशीवर बसल्या आणि विळीवर पाय कसा ठेवतात ते दाखवायला लागल्या. त्यानं विळी परत दिली आणि हात जोडले, असं आपा सांगते. हिंदी त्यांना टीव्हीवरच्या मालिकांमुळे येत होती, त्यामुळे ती सगळी सासवा-सुनांच्या भांडणातली हिंदी होती. चहा घेणार का, एवढं विचारतानासुद्धा घराण्याची अब्रू पणाला लागल्यासारखा आवाज लागायचा. खरं महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्या बंगालीत शिरत आणि आपा मला समजावून सांगे.

मी शिक्षणाबरोबर एका ग्रंथालयाच्या नकाशा विभागात काम करते. उन्हाळा संपता संपता तिथे एक प्रदर्शन ठरलं: जगातल्या मोठ्या नद्या समुद्राला मिळतात तिथले त्रिभुज प्रदेश. प्रत्येक प्रदेशाचा नकाशा आणि शेजारी तीनशे शब्दांचा फलक. आमचे प्रमुख निवृत्तीला आलेले, फार सौम्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बरिशाल विभागाचा फलक तू लिही. तुझ्याच घरात तिथली माणसं आहेत ना? मात्र माहितीपर लिही. तटस्थ."

त्यांना काय माहीत, आमच्याकडे या शब्दावरून जेवणाच्या ताटावरून लोक उठलेले आहेत.

मी वाचायला बसले. बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी सहा जिल्हे: बरिशाल, भोला, पटुआखाली, बरगुना, पिरोजपूर, झालोकाठी. अख्ख्या विभागात रेल्वेचा एक रूळ नाही, इतकं पाणी. बाजार पाण्यावर, होड्यांमध्ये भरतात. पेरूंच्या दिवसांत खाल म्हणजे कालवे पेरूंच्या होड्यांनी हिरवे होतात. सखल भागात जलपर्णीचे लांबलचक तराफे करून त्यांच्यावर भाज्यांची रोपं वाढवतात. दक्षिणेला कुआकाटाच्या किनाऱ्यावर उगवता आणि मावळता, दोन्ही सूर्य समुद्रावर दिसतात. हे सगळं मी टिपून घेतलं. मग वादळांबद्दल वाचलं, खारं पाणी शेतात शिरतं त्याबद्दल वाचलं, मेघना नदी काठ कशी कापत जाते ते वाचलं, आणि माझ्यातलं सोलापूर जागं झालं. ज्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही त्यांच्या अंगणात समुद्र येतो, आणि इथे आम्ही दूध आणायलाही गाडी काढतो. तीनशे शब्दांतले निम्मे मी यावर घालवले. शेवट असा होता: "हा प्रदेश बुडतो आहे. दरवर्षी नदी इथली घरं गिळते. इथे राहणं ही दुसऱ्यांच्या गुन्ह्याची शिक्षा आहे."

मला तो शेवट फार आवडला होता. पण पद्धत म्हणजे पद्धत. कागद घेऊन मी खाली गेले.

रविवारची दुपार. खाला जमिनीवर वर्तमानपत्र पसरून विळीवर हिलसा चिरत होत्या. डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅमिकमध्ये बंगाली दुकानं आहेत, तिथून आपाचा नवरा गोठवलेला मासा आणतो. खाला दर वेळी त्याच्याकडे बघून "बिचारा किती लांबून आला" म्हणत. मासा की जावई, हे त्या सांगत नसत. आपा सोफ्यावर बाळाला भरवत होती. मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले, अडलं तिथे आपा बंगालीत सांगत गेली. खाला मान हलवत होत्या. रेल्वे नाही म्हटल्यावर हसल्या. "रेल्वेत पहिल्यांदा बसले ती इथून शिकागोला जाताना. काय गं तो वेळ. होडी बरी, निदान नावाडी बोलतो तरी."

मग मी शेवट वाचला. खालांचे हात चालूच राहिले. थांबले ते आपाचे. चमचा बाळाच्या तोंडाजवळ तसाच राहिला आणि बाळ जीभ बाहेर काढून वाट बघत बसलं.

"ऐकलंस, अम्मा?" आपा म्हणाली. "आता हीसुद्धा तेच सांगते आहे. बाहेरची माणसं कागदावर लिहितात. प्रदर्शनात लावणार आहेत."

खालांनी माशाचं डोकं वेगळं काढलं, विळी धुतली आणि नमाजाला गेल्या.

काय घडलं ते मला आपानं नंतर सांगितलं. खालांचं घर भोला जिल्ह्यात मेघनेच्या काठी आहे. लाकडी खांब, पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. या पावसाळ्यात नदी त्यांच्या सुपारीच्या बागेत आली होती. घर उतरवणं भाग होतं. तिथे अशी घरं उतरवतात, होडीत घालतात आणि नदीत गाळ साचून वर आलेल्या नव्या जमिनीवर, चर म्हणतात तिला, पुन्हा उभी करतात. खालांना त्यासाठी परत जायचं होतं, तिकीटही होतं. आपाला त्यांना हिवाळाभर ठेवून घ्यायचं होतं, आणि नंतर जमलं तर कायमचं.

"तिला शुगर आहे," आपा म्हणाली. "चरेवर डॉक्टर नाही. वादळ आलं तर निवारा पलीकडच्या तीरावर. महिनाभर मी समजावते आहे, ती ऐकत नाही. आज तुझं ऐकून गप्प बसली. थँक यू."

असं थँक यू मला कधी कोणी म्हटलेलं नव्हतं. वर जाऊन मी कागद पुन्हा वाचला. सगळी वाक्यं खरी होती.

त्या आठवड्यात खाला माझ्याशी पहिल्यासारख्याच वागत होत्या, म्हणजे जास्तच वाढत होत्या. पण त्यांनी बॅग कपाटावरून काढून नजरेआड, पलंगाखाली सरकवली होती. आपा तिकीट पुढे ढकलण्याबद्दल फोनवर चौकशी करत होती आणि खाला बाळाला तेल लावत त्याच खोलीत बसून राहत.

मी सोलापूरला फोन केला. बाबांना सगळं सांगितलं.

"वाक्य खोटं आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग कापायचं नाही. पण तुझ्या पत्रकात माणूस कुठाय? नदी गिळते, समुद्र येतो. माणसं काय करतात? नुसती बुडतात? असलं पत्रक मालक लोक फुकट छापून देतील. बुडणाऱ्याला कोण हक्क देतो, त्याला चादर देतात."

मागून आईचा आवाज आला, "फोन दे इकडं." मग मला म्हणाली, "काय करू लागलीस गं? त्या बाईला काय पाहिजे म्हणून इचारलीस का?"

"आपानं सांगितलं ना मला."

"लेकीनं सांगितलं. बाईला इचार."

दुसऱ्या दिवशी मी कागद न घेता खाली गेले. लायब्ररीच्या कामासाठी खालांशी बोलायचंय, असं आपाला सांगितलं. ते खरंही होतं. आपानं हात पुसले आणि बसली. मी विचारलं, "खाला, घर उतरवतात म्हणजे कसं? पहिल्यापासून सांगा."

खालांनी आधी हिंदीत सुरुवात केली, पण मालिकांमध्ये कुणी घर उतरवत नसावं. दोन वाक्यांत त्या बंगालीत गेल्या. आपा माझ्यासाठी सांगू लागली. ती कॉन्फरन्समधल्या दुभाष्यांसारखी बोलते: समोरचा 'मी' म्हणाला की तीही 'मी' म्हणते.

"आधी चुलीतली राख काढतात," आपा म्हणाली. "मग कोंबड्या टोपलीखाली. मग छप्पर. पहिला पत्रा घरच्या बाईनं सोडवायचा, असं माझ्या सासूनं मला शिकवलं. ती शिडीवर चढली होती तेव्हा तिला दिसत नव्हतं, मी खालून हात धरून खिळ्याची जागा दाखवली. पुढच्या वेळी मी चढले. पत्रे एकावर एक रचून सुतळीनं बांधायचे, खांबांना खडूनं खुणा करायच्या, नाहीतर नव्या जागी पूर्वेचा खांब पश्चिमेला जातो आणि दार लागत नाही. आमचं दार एकदा वर्षभर लागत नव्हतं."

"मला आठवतं ते दार," आपा मध्येच स्वतःचं म्हणाली. "आम्ही त्याला वीट लावायचो."

"तुझ्या बापानं खुणा केल्या होत्या," खाला म्हणाल्या. "मी सांगत होते, उलटं धरलंय. ऐकलं नाही."

दोघी हसल्या. मग खाला पुढे बोलल्या, जरा हळू, आणि आपा सांगत राहिली.

"माझ्या मुलांना घर न्यायचं नाही. पत्रे आणि लाकूड विकून ते ढाक्याला खोली घेणार आहेत. मी तिथे असले तर त्यांची हिंमत होणार नाही. मी नसले तर ते विकतील. मग मला परत जायला जागा नाही. मला इथे आवडतं. इथे गरम पाणी येतं, नात आहे. पण इथे मी पाहुणी आहे, आणि ढाक्याला सुनेच्या खोलीत मी..."

आपा थांबली. खालांनी तिच्याकडे पाहिलं आणि उरलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, शिकवणीच्या बाई विद्यार्थ्याला म्हणतात तसं.

"...मी अडगळ होईन," आपा म्हणाली. "माझं घर आहे ते. मला जायचं आहे."

'मला जायचं आहे' हे आपाच्या तोंडून आलं. बाळ आजीच्या पदराचं टोक चोखत होतं. आपा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी धुवायला लागली. खाला मला म्हणाल्या, या वेळी हिंदीत, "चहा घेतेस, मा?" आणि घराण्याची अब्रू या वेळी खरंच पणाला होती.

मी त्यांना आणखी एक विचारलं. काठावर बांध नाही का? त्यांचा आवाज एकदम चढला. बांध आहे, पण शहराच्या बाजूला. बाजार आहे, साहेबांची घरं आहेत तिथे सिमेंटचे ठोकळे टाकले. आमच्या बाजूला मापं घेऊन गेले ते गेले. "हे लिही," त्या म्हणाल्या. "नदी नदीचं काम करते. ठोकळे कुठे टाकायचे ते नदी सांगत नाही."

त्या संध्याकाळी मी फलक पुन्हा लिहिला. पेरूच्या होड्या राहिल्या, जलपर्णीवरचे वाफे राहिले, दुसऱ्यांच्या गाड्यांमुळे चढणारा समुद्र राहिला. शेवट बदलला: "नदी जमीन घेते. घर माणसं घेऊन जातात, खुणा करून, होडीत घालून, आणि नव्या मातीवर बांधतात. बांध कुठे बांधायचा हे नदी ठरवत नाही. तेही माणसंच ठरवतात, आणि ती वेगळी माणसं असतात."

प्रमुखांनी तो चष्मा वर सरकवून दोनदा वाचला. "शेवटचं वाक्य तटस्थ आहे का?" त्यांनी विचारलं.

"खोटं आहे का?" मी बाबांसारखं विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या आजोबांचं शेत मिसिसिपीच्या काठाला होतं." एवढंच. त्यांनी वरच्या परिच्छेदातलं एक विशेषण खोडलं, मला दाखवायला की प्रमुख तेच आहेत, आणि कागद छपाईला दिला.

आपा त्यानंतर बरेच दिवस तिकिटाबद्दल बोलली नाही. मीही विचारलं नाही. पत्रकवाल्यांना गप्प बसणं जमत नाही, पण मी बसले. मग एका शनिवारी ती आणि तिचा नवरा बाहेर गेले आणि येताना हार्डवेअरच्या दुकानातून जड खोके घेऊन आले. पत्रे ठोकायचे स्क्रू, रबरी वायसर लावलेले, गंज न चढणारे. आपानं खोके खालांच्या पलंगावर ठेवले.

"हे काय?" खाला म्हणाल्या.

"खिळे नका मारू आता. खिळ्याच्या भोकातून गळतं. पुढच्या वेळी उतरवतानाही हे सोपे पडतील."

"ढाक्याला मिळतात की."

"मिळू देत."

खालांनी एक स्क्रू उचलून दातांनी चावून बघितला, सोन्याचा असावा तसा. "महाग असणार."

"अम्मा, शुगरच्या गोळ्या वर्षाच्या घेतल्यात. त्या संपायच्या आत तू परत यायचंस. आणि दर शुक्रवारी दादा तुला होडीनं पलीकडे नेऊन शुगर तपासून आणणार. मी त्याच्याशी भांडून घेतलंय."

"भांडलीस?"

"खूप."

खाला समाधानानं मान हलवत राहिल्या. मग पलंगाखालची बॅग ओढून काढली. आणलेल्या साड्या, शाली एकेक करून बाहेर ठेवल्या आणि तिथे खोके रचले. विळी आपाला ठेवली.

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. आम्ही सगळ्यांनी रांगेच्या बाजूला बसून स्क्रूचा एकेक खोका हातातल्या सामानात टाकला. मग सुरक्षा तपासणीत ते चालणार नाहीत म्हणून पुन्हा बॅगेत. शेवटी जावयानं जादा वजनाचे पैसे भरले आणि खालांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "मा, माझ्या घरी ये. तेव्हा कुठे असेल ते विचारून ये."

प्रदर्शन उघडलं त्या आठवड्यात बाहेर बर्फ पडायला लागला होता. आपा बाळाला जाड कपड्यांत गुंडाळून बसनं आली. नकाशासमोर उभी राहून फलक वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तिच्या हातांकडे बघत होते. ती बाळाची टोपी सारखी करत होती, आणि करतच राहिली.

घर अग्रहायण महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, पाणी उतरल्यावर हललं. पहिला पत्रा उतरवतानाचा फोन लागलाच नाही; नेटवर्क नव्हतं. आपा सकाळपासून फोन हातात धरून होती, प्रयोगशाळेत गेली नाही, कोणाशी धड बोलली नाही. दुपारी मी तिच्यासाठी भात लावला. काही दिवसांनी भावाच्या फोनवरून ठिकाण आलं, नकाशावर टोचलेली लाल खूण.

आपानं ते उघडलं. खुणेच्या चारी बाजूंना निळं होतं. मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. चर इतकी नवी होती की नकाशात अजून नदीच होती.

मग फोन लागला. खालांचा चेहरा पडद्यावर अर्धाच दिसत होता, मागे नवाकोरा उजेड आणि पत्र्यावर कोणीतरी ठोकत असल्याचा आवाज.

"अम्मा, तू पाण्यात बसली आहेस," आपा म्हणाली. "नकाशात तिथे मेघना आहे."

"मग त्यांना सांग, चूल पेटली आहे."

"स्क्रू वापरताहेत ना? खिळे नाही ना मारत?"

"वापरताहेत. तुझा धाकटा भाऊ म्हणतो, आपा येऊन उभी राहिल्यासारखी वाटते."

"शुगर?"

"बरी आहे."

"तपासली?"

"शुक्रवारी तपासू. आज मंगळवार."

"मागच्या शुक्रवारी काय झालं?"

"मागच्या शुक्रवारी घर होडीत होतं, माझे आई. पोरीला दाखव."

आपानं फोन बाळासमोर धरला. बाळानं पडद्यावर हात मारला आणि कॉल कट झाला. आपानं पुन्हा लावला. शुक्रवारचं बोलणं अजून संपलं नव्हतं.